हाताला पाठ झालेला चेहरा

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला लोक चेहऱ्याने ओळखत नाहीत, पांढऱ्या कोटाने ओळखतात. माउंट वेलिंग्टनच्या शॉपिंग सेंटरमध्ये मी सात वर्षं तशी उभी होते. जेवणाच्या सुट्टीत कोट काढून बाहेरच्या बाकावर सँडविच खात बसले, की दहा मिनिटांपूर्वी मला आपल्या मूळव्याधीची साद्यंत हकीकत सांगून गेलेला माणूस माझ्यासमोरून सरळ निघून जाई. मला ते सोयीचं होतं. त्यामुळे जुलैतल्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी एका वृद्ध गिऱ्हाइकाने प्रिस्क्रिप्शन पुढे सरकवलं आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत चांगलं मिनिटभर माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा मी आधी कोटाची बटणं तपासली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यात त्याचं काहीच नाही."

"कोणाचं?"

"ते नंतर सांगतो. गुरुवारी दुपारी वेळ आहे?"

मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं आणि पुढे निदान वीस वेळा सांगितलं. उपयोग झाला नाही. ते पूर्व युरोपातल्या ज्या देशातून आले होते, त्याचं नाव, झेंडा आणि राष्ट्रगीत मधल्या काळात बदललं होतं; पांढरा कोट म्हणजे डॉक्टर हे मात्र बदललं नसावं.

प्रिस्क्रिप्शन काचबिंदूच्या थेंबांचं होतं. मी नेहमीचं सांगितलं: बाटली उघडली की महिनाभर चालते, उघडल्याची तारीख वर लिहा, थेंब टाकल्यावर डोळा मिटून कोपरा दाबून धरा.

"याने जास्त दिसायला लागेल?"

"नाही. आहे ते टिकेल. बहुतेक."

"किती दिवस?"

"ते तुमच्या स्पेशालिस्टला विचारायला हवं."

"विचारलं. म्हणाला, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी त्याला म्हटलं, मला एकच चेहरा काढायचा आहे. एका चेहऱ्यापुरता वेळ आहे का, तेवढं सांग. तो हसला." त्यांनी थेंबांची पिशवी उचलली. "तरुण आहे तो."

गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असे. मी गेले ते दयेपोटी नव्हे. कॉलेजात असताना पुण्यात समाजवादी देशांतली जाडजूड, स्वस्त, उत्तम बांधणीची पुस्तकं मिळत, आणि मी ती अधाशासारखी वाचली होती. त्यांत सगळे कलावंत हसतमुख असत. नंतर दुसऱ्या बाजूची पुस्तकं हाती आली. ती महाग होती, त्यांची पानं सुटत, आणि त्यांत सगळे कलावंत तुरुंगात असत. दोन्हींच्या मधला एखादा जिवंत नमुना कधी पाहिला नव्हता.

घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होतं. लाकडी फळ्यांचं, मागे गॅरेज. त्यांची मुलगी इंजिनियर. तिने आईवडिलांना इकडे आणलं आणि मग तिचीच नोकरी ख्राइस्टचर्चला हॉर्नबीमध्ये गेली, म्हणून इथे ही दोघंच. म्हातारबुवांनी काही वर्षं पेनरोजमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पुढे कॉम्प्युटर अक्षरं कापायला लागला आणि ते घरी बसले. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. एक ईझल, एक हीटर, गवत कापायचं मशीन, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेले सहा कॅनव्हास.

त्यांची बायको चहा घेऊन आली. ठेंगणी, डोक्याला रुमाल, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हिला का आणलंस? हिला घरी कामं नाहीत?"

हे सगळं बोलणं इंग्रजीत झालं. ती भाषा त्यांचीही उसनी आणि माझीही. मराठीत लिहिताना आम्ही तिघंही होतो त्यापेक्षा बरं बोलतो आहोत, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

मला एका स्टुलावर बसवून त्यांनी कोळशाची कांडी हातात घेतली.

"तिकडे तुम्ही काय रंगवत होता?" मी विचारलं.

"एक माणूस."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

तो माणूस म्हणजे त्या देशाच्या पक्षाचे सरचिटणीस. शाळेत, दवाखान्यात, पोस्टात, दुधाच्या केंद्रावर, सगळीकडे त्यांचं चित्र लागे, आणि छापील चित्र चालत नसे. छापील लावणं म्हणजे कंजूषपणा, आणि कंजूषपणा म्हणजे अनादर. म्हणून गावोगावी सरकारी चित्रशाळा होत्या. राजधानीहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात मंजूर फोटो येई. गालावरची चामखीळ तिकडेच काढून टाकलेली असे. फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर आखायचे, आणि एकेक चौकोन इकडून तिकडे न्यायचा. क्रम ठरलेला: आधी डावी भुवई, मग उजवी, मग कपाळ. फोटोतल्यापेक्षा कपाळ दोन बोटं मोठं घ्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं; पण ज्याने लहान घेतलं त्याचं चित्र तपासणी समिती परत पाठवी आणि कारण विचारलं तर सांगत नसे.

"ते म्हातारे झाले, मीही झालो," ते म्हणाले, "फोटो पन्नाशीतच राहिला. पाचव्या वर्षी मला फोटो लागेना. दहाव्या वर्षी मी एकीकडे चेहरा रंगवत दुसरीकडे बायकोशी भांडू शकलो असतो."

"शकलो असतो काय? भांडायचास," बायको म्हणाली.

मी पुस्तकं वाचलेली बाई. मी विचारलं, "मग लपूनछपून स्वतःची चित्रं काढत असाल."

"नाही."

"का?"

"दमायचो. आणि नोकरीत दोन खोल्यांचं घर होतं, हिवाळ्यात कोळसा होता, उन्हाळ्यात पंधरा दिवस समुद्र होता." कांडी थांबली नाही. "तुम्हाला वाईट वाटलं. इथे सगळ्यांना वाटतं. लायब्ररीत एक बाई होत्या, त्यांना माझं प्रदर्शन भरवायचं होतं, छळ झालेला कलावंत म्हणून. मी म्हटलं, बाई, माझा छळ झाला नाही. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मी शूर नव्हतो, डॉक्टर. बदमाशही नव्हतो. मी कर्मचारी होतो."

हे वाक्य मला कुठल्याच बाजूच्या पुस्तकात भेटलं नव्हतं. आमच्या पुण्याच्या गल्लीत मात्र निम्म्या घरांतून ते म्हणता आलं असतं.

राज्य कोसळलं तेव्हा इमारतींवरचे तीन-तीन मजली चेहरे उतरवले गेले आणि ज्याला हवे त्याने नेले. जाड कापड, वर तेलरंगाचा थर. पाणी आत शिरत नाही. या बाईने सरचिटणीसांची हनुवटी आणून परसातल्या बटाट्यांच्या खड्ड्यावर घातली.

"एकही बटाटा सडला नाही," ती म्हणाली. "याची कला पहिल्यांदाच कामाला आली."

तीन गुरुवार मी बसले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मी उठून पाहायला गेले. जॅकेट माझं होतं. टिकली माझी होती. नाकाचा जरा वाकडेपणा, जो माझ्या लग्नाच्या फोटोग्राफरने मोठ्या कौशल्याने लपवला होता, तो जसाच्या तसा होता. पण कपाळ मैदानासारखं पसरलं होतं, भुवया दाट होऊन एकमेकींना भेटायला निघाल्या होत्या, आणि नजर माझ्याकडे किंवा तुमच्याकडे नव्हती. ती दूर कुठेतरी पुढच्या पंचवार्षिक योजनेकडे लागली होती.

बायकोने डोकावलं आणि टाळी वाजवली. "आले! साहेब आले! टिकली लावून आले!"

मलाही हसू आलं. म्हातारबुवा हसले नाहीत. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ते सहा कॅनव्हास एकेक करून आमच्याकडे वळवले. डोक्याला रुमाल बांधलेले सरचिटणीस. चुलीपाशी सरचिटणीस. मांडीवर मांजर घेतलेले सरचिटणीस. सहाही चित्रं बायकोची होती. सहाही वेळा ती समोर बसली होती.

"काचबिंदूत कडेचं जातं," ते मला समजावू लागले, जणू थेंब मीच विकत नव्हते. "मधलं राहतं. मी हिचं तोंड बघतो तेव्हा कपाळ दिसत नाही. कपाळ बघतो तेव्हा तोंड नाही. जे दिसत नाही ते हात भरून टाकतो. आणि हाताला एकच माणूस पाठ आहे. डोळा जेवढी जागा सोडतो, तेवढी तो घेतो. तुमच्या चेहऱ्यात त्याचं काहीच नव्हतं, तिथेही शिरला. एक दिवस सगळंच जाईल. तेव्हा मी हिचा चेहरा आठवायला बसेन आणि तो येऊन बसेल. मला तो नको आहे. त्याच्या आधी मला ही नीट बघायची आहे, आणि काढल्याशिवाय मला काही बघता येत नाही."

मग बायको म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांचा संसार. समोर मी बसते, हा काढतो त्याला. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं."

आता आमच्या इथल्या मराठी मंडळाविषयी सांगायला हवं, कारण प्रकरण तिथूनच पुढे सरकलं. माझा नवरा मंडळाच्या कमिटीवर होता. आमच्या घरात एका वेळी एकानेच कमिटीवर असावं असा अलिखित करार आहे, आणि त्यात दुसरं माणूस कायम मीच असते. त्या वर्षी मंडळाची दशकपूर्ती होती. दशकपूर्तीला काय करावं यावर कमिटीच्या चार बैठका झाल्या आणि अध्यक्षांचं तैलचित्र करावं असं ठरलं. सूचना अध्यक्षांची नव्हती. त्यांनी ती फक्त तीनदा नाकारली. मंडळाला स्वतःची जागा नव्हती. आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घेत असू. तेव्हा चित्र लावायचं कुठे, हा प्रश्न मी घरी विचारला.

"प्रत्येक कार्यक्रमाला गाडीतून न्यायचं," नवरा म्हणाला.

"आणि कार्यक्रम झाल्यावर?"

"अगं, त्यांच्या गॅरेजमध्ये. तू उगाच फाटे फोडू नकोस. तुझे ते पेंटर करतील का, तेवढं विचार."

मग अध्यक्षांचाच फोन आला. "वहिनी, ते युरोपियन आर्टिस्ट तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे. अगदी साधंच काढायला सांगा हं, मला डामडौल आवडत नाही. बंद गळ्याचा कोट घालू की जाकीट?"

मी म्हातारबुवांना नाही म्हणायचा सल्ला दिला. पण त्यांनी काम घेतलं. "सवय मोडायची तर नव्या चेहऱ्यावर मोडून बघू," ते म्हणाले. अध्यक्ष दोन रविवार बंद गळ्याचा कोट घालून गॅरेजमध्ये गवताच्या मशीनशेजारी बसले.

दशकपूर्तीला अनावरण झालं. पडदा सरकला. आमचे अध्यक्ष मूळचे अरुंद, घाईतल्या चेहऱ्याचे गृहस्थ. समोर होतं ते भव्य कपाळ, त्या भुवया, ती योजनेकडे लागलेली नजर. चष्मा तेवढा अध्यक्षांचा. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी "हुबेहूब!" म्हणून ओरडलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले होते.

नवरा माझ्या कानाशी आला. "अगं, हे कोण आहे?"

"त्यांच्या देशाचे सरचिटणीस."

"पण साहेब तर खूश आहेत."

"तिकडेही खूश असायचे म्हणे."

चित्रकाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळ आमच्या दुकानामागच्या डेअरीतून, म्हणजे इकडच्या किराणा दुकानातून, आणलेला, थेट सामोआचा. शाल मंडळाची एकुलती एक. सत्कारानंतर ती परत द्यायची असते, हे सत्कारमूर्तीच्या कानात सांगायचं काम माझ्याकडे होतं. दोन शब्द बोला म्हटल्यावर म्हातारबुवा माइकपाशी गेले आणि म्हणाले, "या देशात आल्यापासून इतकं ओळखीचं मला काहीच वाटलं नव्हतं." पुन्हा टाळ्या.

मी दोघांना घरी सोडायला निघाले. वाटेत म्हातारबुवांनी विचारलं,

"त्याला आवडलं?"

"फार."

"एकालाही खटकलं नाही?"

"नाही."

"अठ्ठावीस वर्षं मी समजत होतो, लोक घाबरून टाळ्या वाजवतात," ते म्हणाले. "आज त्या हॉलमध्ये कोणीही घाबरलेलं नव्हतं."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "धंदा काढ. जगात अध्यक्ष पुष्कळ आहेत. रांग लागेल."

"तो चेहरा मी पुन्हा काढणार नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. दुकानात माणसं सिगरेट सोडण्यासाठी अंगावर चिकटवायच्या पट्ट्या मागताना जे बोलतात तसलं हे नव्हतं. ते लोक माझ्याकडे बघून बोलतात. हे समोरच्या काचेकडे बघत होते.

पुढच्या गुरुवारी गेले तर त्यांचा उजवा हात एप्रनच्या मोठ्या खिशात, आणि खिशाचं तोंड दोन सेफ्टी पिनांनी बंद केलेलं.

"अटक केली आहे," बायकोने खुलासा केला. "मीच लावल्या पिना. खटला चालणार नाही."

ब्रश डाव्या हातात होता. डाव्या हाताने त्या माणसाने आयुष्यात काडी ओढली नव्हती. म्हातारबुवांचा हिशेब साधा होता: उजव्याला सगळं येतं, म्हणून तो डोळ्यासाठी थांबत नाही. डाव्याला काहीच येत नाही, त्याला प्रत्येक रेघेला डोळ्याला विचारावं लागेल. पहिले कितीतरी दिवस त्यांनी फक्त गोल काढले. मग किटली काढली, तिची चोच पडल्यासारखी. मग लिंबू, मग दोन लिंबं. एकाहत्तराव्या वर्षी पहिलीतल्या मुलाच्या हाताने. मी एकदा म्हटलं, छान जमतंय. ते म्हणाले, "डॉक्टर, खोटं बोलू नका, त्याने थेंबही काम करत नाहीत."

बायकोला काढायला घेतलं तेव्हा त्यांनी आणखी दोन नियम केले. एक, क्रम उलटा. भुवईपासून नाही, गळ्यापासून सुरू करायचं आणि वर चढायचं. सरचिटणीसांचा गळा कायम कॉलरमध्ये असे, त्यामुळे गळा हाताला पाठ नव्हता. दुसरा नियम, तिने स्थिर बसायचं नाही.

"स्थिर बसली की तिचा पुतळा होतो," ते म्हणाले. "बोलत राहा. काम कर."

"हे मला पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगतोयस," ती म्हणाली, आणि ते तिने मनावर घेतलं. इस्त्रीचं टेबल गॅरेजमध्ये आलं. ती इस्त्री करी, वाटाणे सोली, मोज्यांना टाके घाली, आणि अखंड बोले. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, मुलीच्या फोनबद्दल, आणि मध्येच त्यांच्या भाषेत नवऱ्याबद्दल, जे मला कळू नये अशी तिची इच्छा असे आणि स्वरावरून सगळं कळे. थेंबांमुळे त्यांच्या पापण्या लांब झाल्या होत्या; तसा तो परिणाम होतोच. ती म्हणे, "बघा, म्हातारपणी नटीसारख्या पापण्या. माझ्या पापण्या मात्र चित्रातही याला जमत नाहीत." ते मान वळवून वळवून पाहत, एक तुकडा पाहत, एक रेघ ओढत, पुन्हा पाहत. आवडलं नाही की सुरीने खरवडून काढत. ऑक्टोबरभर गळा चालला. नोव्हेंबरात हनुवटी आणि तोंड झालं. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी टोचणारं म्हणण्याच्या बेतात. ते तिचंच होतं.

त्याच महिन्यात डोळ्यांची तपासणी झाली. कुठे दिसतं आणि कुठे नाही याचा नकाशा कागदावर छापून येतो. दिसत नाही तिथे काळं. त्यांनी तो काउंटरवर माझ्यापुढे पसरला. आधीच्या नकाशापेक्षा काळं बरंच आत सरकलं होतं.

"शेडिंग चांगलं आहे," ते म्हणाले. "कपाळ अजून राहिलंय."

मी पहिल्यांदाच विचारलं, "थोडी घाई करायची का?"

"घाई उजव्या हाताला येते," ते म्हणाले, आणि बाटली घेऊन गेले.

डिसेंबरात नाक-डोळे संपवून ते कपाळाशी पोचले, आणि तिथे तो दबा धरून बसलेला होता. डाव्या हातालाही आता थोडंफार यायला लागलं होतं, हाच घोटाळा. गुरुवारी गेले तर बायको म्हणाली, तीन दिवसांत चार वेळा खरवडलं. त्यांनी मला स्टूल दाखवलं, पण या वेळी स्वतःच्या शेजारी.

"डॉक्टर, तुम्हाला मोठेपणाचा वास येतो. त्या हॉलमध्ये मी तुमचं तोंड बघत होतो. इथे बसा. मला कडेचं दिसत नाही. कपाळात तो शिरायला लागला की सांगा."

माझ्या या गुणाचा कोणी उपयोग करून घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण. घरी त्याला कुजकेपणा म्हणतात.

गॅरेजचं दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं. कोणीतरी गवत कापत होतं, आणि शेजारी उघड्या अंगाने बार्बेक्यू घासता घासता आम्हाला "कीया ओरा" असा इकडचा नमस्कार करून गेला. मी कॅनव्हासकडे टक लावून बसले होते. अर्ध्या तासाने कपाळाची डावी कड केसांकडे सरकायला लागली. अगदी थोडी. त्यात एक प्रकारचा शांत, समाधानी रुंदपणा येऊ लागला.

"आला," मी म्हटलं.

सुरी. खरवडलं. पुन्हा सुरू. तासाभराने पुन्हा म्हटलं, "आला." पुन्हा सुरी. त्या दुपारी तीनदा झालं, पुढच्या गुरुवारी दोनदा. त्या जागी कापडाचा धागा दिसायला लागला.

बायकोने इस्त्री उभी केली. "राहू दे आता," ती म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता. "तोंड माझं झालं, गळा माझा झाला. थोडा कपाळात राहिला तर राहू दे. इतकी वर्षं आपण त्याच्यावर जेवलोच ना? बसू दे कोपऱ्यात."

"नाही."

"डोळे दुखतात तुझे."

"दुखू देत."

"हट्टी आहेस."

"हो."

ते ब्रश ठेवून उठले आणि तिच्यासमोर गेले, इतके जवळ की मधे वीतभरच अंतर उरलं. तेवढ्यात जे मावत होतं तेवढंच त्यांना दिसत होतं. मान हलवत त्यांनी तिचं कपाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचल्यासारखं पाहिलं. मग डाव्या हाताची बोटं आडवी ठेवून उंची मोजली. अडीच बोटं. पुन्हा मोजली. नियम मोडून ती गप्प झाली होती. मी दाराबाहेर पाहिलं.

ते परत आले आणि कॅनव्हासवर तीच बोटं आडवी ठेवून खूण केली. चौकोन नाहीत, अडीच बोटं.

त्यानंतर जानेवारीचे सगळे गुरुवार गेले. मी "आला" कमी वेळा म्हणत होते, पण म्हणत होते. एकदा मी म्हटलं आणि त्यांना पटलं नाही. आमचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं. बायकोने मध्ये पडून निकाल माझ्या बाजूने दिला, आणि त्यांनी खरवडलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांनी ब्रश आडवा धरला आणि विचारलं, "आहे?"

मी उठून उभी राहिले. जवळून पाहिलं, मग दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं. लहान, जरा चिमटलेलं कपाळ. त्यावर एक आडवी सुरकुती, मधोमध तुटलेली. रुमाल बांधून बांधून कडेला उन्हाने न रापलेली एक फिकट पट्टी. रेघा थरथरत्या होत्या. एकही रेघ उस्तादाची नव्हती. मी मोठेपणा शोधला. शाळेत बक्षीस-समारंभात शोधते तसा, मंडळात शोधते तसा, अगदी वाईट मनाने शोधला.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"तू सांग," ते बायकोला म्हणाले.

तिने हात पुसले. आत जाऊन चष्मा घेऊन आली. खूप वेळ पाहिलं.

"माझं कपाळ एवढं लहान आहे?"

"एवढंच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्या जगाने हे बघितलं."

"बघितलं असेल."

"तू नाही बघितलंस."

"नाही," ते म्हणाले. "आत्ता बघितलं."

तिने चष्मा काढून एप्रनला पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. छोटंच होतं. मी विचारलं नाही. मी माझी पिशवी उचलली. मला वाटलं, आता जावं. पण ते उठायच्या तयारीत नव्हते. ब्रश पुसून त्यांनी पुन्हा रंगात बुडवला आणि मान वळवून तिला शोधलं.

"कान राहिलाय," ते म्हणाले. "बस."

ती बसली, आणि लगेच बोलायला लागली.